घासलेटच्या दाबबत्त्या : त्यांचा जीर्णोद्धार व कालनिर्णय

जुन्या वस्तूंच्या संग्रहांत गेल्या कांहीं वर्षांपासून पुण्यांत एका नव्या वस्तूची भर पडूं लागली आहे. ही वस्तु म्हणजे हवेच्या दाबानें जळणारी घासलेटची बत्ती. हिला कोणी गॅसबत्ती म्हणतात, कोणी पेट्रोमॅक्स, आणि जुन्या पिढींतील माणसें किटसन. बुधवारच्या व रविवारच्या जुन्या बाजारांतून, पाडल्या जाणाऱ्या वाड्यांच्या माळ्यांवरून, मांडववाल्यांच्या कोठारांतून या बत्त्या बाहेर पडतात. कोणी रसिक त्यांतली एखादी उचलतो, घासूनपुसून लखलखीत करतो, नवी जाळी बांधून पेटवितो, आणि शेवटीं तिच्या पायथ्याशीं चिठ्ठी लावतो : ‘लोकमान्यांच्या काळची बत्ती’. छंद म्हणून यांत आक्षेपार्ह असें कांहीं नाहीं. परंतु अशी बत्ती जेव्हां एखाद्या संग्रहालयाच्या नोंदवहींत शिरूं पाहते, तेव्हां त्या चिठ्ठीवरील काळाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उत्पन्न होतो. आमचें म्हणणें असें कीं, आज ज्या रीतीनें या बत्त्यांचा जीर्णोद्धार केला जातो ती रीति त्यांच्या कालनिर्णयाचा पुरावाच नाहींसा करते. आणि पुरावा गेल्यावर जो काळ सांगितला जातो तो बहुधा ऐकीव असतो.

यंत्रानें घडलेल्या व परदेशांतून आलेल्या वस्तूचा इतिहाससंशोधनाशीं संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. पुणें शहर दिव्यांच्या संग्रहाला नवखें नाहीं. कै. दिनकर गंगाधर केळकर यांनीं जमविलेले दिवे त्यांच्या संग्रहालयांत सर्वांनीं पाहिले आहेत, व भारतीय दिव्यांवर त्यांचें इंग्रजी पुस्तकही १९६१ त निघालें. समई, लामणदिवा, दीपलक्ष्मी यांस जो मान मिळतो तो दाबबत्तीस मिळावा असा आमचा आग्रह नाहीं. परंतु जवळजवळ अर्धें शतक या महाराष्ट्रांतील लग्नाच्या वराती, कीर्तनें, तमाशे, गांवोगांवच्या सभा व गणपतीच्या मिरवणुकी ज्या उजेडांत झाल्या तो उजेड हाच. त्याचें साधन कोणतें, केव्हां आलें, कोणाच्या हातून दुरुस्त होत राहिलें, हें समजून घेणें संशोधकास कमीपणाचें वाटूं नये. शिवाय विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ त मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हांपासून अस्सल कागद व बखर यांतील भेद आपल्याकडे नव्यानें सांगण्याचें कारण उरलेलें नाहीं. बत्तीच्या बाबतींत विक्रेत्याची हकीकत ही बखर होय, आणि टांकीवरचा ठसा हा अस्सल कागद. मग पोथीला लावावयाची कसोटी बत्तीला कां लावूं नये ?

प्रथम बत्तीची रचना थोडक्यांत सांगतों, कारण तिचे कोणते भाग टिकाऊ व कोणते झिजणारे हें कळल्यावांचून पुढील चर्चा कळणार नाहीं. टांकींत घासलेट भरून पंपानें हवा कोंडली म्हणजे तेल मधल्या नळीनें वर चढतें. वरची नळी आधीं स्पिरिटच्या वाटींतील ज्योतीनें व मग जाळीच्याच उष्णतेनें तापत असल्यामुळें तेलाची वाफ होते. ती वाफ निपलच्या केंसाएवढ्या छिद्रांतून जोरानें सुटते, वाटेंत हवा ओढून घेते आणि रेशमाच्या किंवा सुताच्या जाळींत जळते. पहिल्या ज्योतींत सूत जळून जातें व मागें क्षारांचा नाजूक सांगाडा उरतो. तोच तापून पांढराशुभ्र प्रकाश देतो. कराडजवळील ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ही निराळी जात. त्यांत वात असते, दाब नसतो, म्हणून त्याचा विचार येथें करीत नाहीं. दाबबत्तींत जाळी, पंपाच्या दट्ट्याचा चामडी वायसर, निपल, काच व वाफेची नळी हे भाग झिजतात, फुटतात व बदलले जातात. टांकी, तिच्यावरचा सांगाडा व टोपी हीं तुलनेनें टिकतात. अर्थात् काळाचा मुख्य साक्षी टांकी होय. बाकीच्यांची साक्ष तपासून घ्यावयाची.

आतां काळाची वरची मर्यादा. जाळीचें पेटंट ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यानें १८८५ त घेतलें. परंतु शेकडा ९९ भाग थोरियम व १ भाग सेरियम हें पुढें सर्वत्र रूढ झालेलें प्रमाण १८९१ चें आहे. (या थोरियमसाठीं लागणारी मोनाझाइट वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर असल्याचें १९०९ त एका जर्मन रसायनज्ञाच्या ध्यानांत आलें, व ती तिकडे जाऊं लागली. तेव्हां बर्लिनहून पुण्यास आलेल्या जाळीची माती कित्येकदां आपल्याच देशाची असावयाची !) दाबानें घासलेटची वाफ करून जाळणारा, काजळी न धरणारा स्टोव्ह स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानें १८९२ त काढला, त्याचें प्रायमस हें नांव आपल्या स्वयंपाकघरांत सामान्यनाम होऊन बसलें. या दोन कल्पनांचा मेळ घालून घासलेटच्या वाफेवर जाळी तापविण्याची युक्ति आर्थर किटसन या इंग्रजानें शतकाच्या अखेरीस सिद्ध केली, आणि १९०१ त ती दीपगृहांत वापरली गेली. बर्लिन येथील एरिख आणि ग्रेट्झ हा कारखाना १८६६ चा. परंतु त्याची पेट्रोमॅक्स बत्ती १९१० च्या सुमाराची आहे, व तिच्या नांवाचा उत्तरार्ध माक्स ग्रेट्झ यांच्या नांवावरून आलेला आहे.

या सालांपुढें घरोघरच्या परंपरा ठेवून पाहाव्या. सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ १८९३ चा. त्या पहिल्या मिरवणुकींत आमची पेट्रोमॅक्स होती, असें अभिमानानें सांगणारीं घराणीं पुण्यांत एकाहून अधिक आहेत. तो अभिमान आम्हांस समजतो. परंतु मिरवणुकींत दिवट्या, हिलाल व मशाली असतील, फार तर राळेचे व रंगीत दारूचे उजेड असतील, पेट्रोमॅक्स असणें शक्य नाहीं. टांकीवर पेट्रोमॅक्स हें नांव असलेली बत्ती स्थूलमानानें शके १८३२ च्या पूर्वींची असूं शकत नाहीं, मग ती कोणाच्याही पणजोबांनीं आणलेली असो. शब्दांच्या पुराव्यासंबंधींही येथेंच सावध केलें पाहिजे. जुन्या आठवणींत किंवा नाटक मंडळ्यांच्या हकीकतींत ‘किटसनची बत्ती’ असा उल्लेख आला कीं कित्येक जण ती खुद्द किटसनची समजतात. किटसन हें मूळ विशेषनाम. पुढें मोठ्या उजेडाच्या कोणत्याही दाबबत्तीस तें लागूं लागलें, आणि किटसनच्या बत्त्या बाजारांतून गेल्यावरही तमाशाच्या फडांत शब्द राहिला. लेखांतील नांवावरून वस्तूची जात ठरवूं नये.

सामान्य विधानें पुरे. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका बत्तीचाच विचार करूं, म्हणजे जीर्णोद्धारानें काय होतें तें दिसेल. ही बत्ती पुण्यांतील एका संग्राहकांनीं जुन्या बाजारांत घेतली. टांकीवर पेट्रोमॅक्स हें नांव, नमुन्याचा अंक ८२६, तीनशें मेणबत्त्यांच्या शक्तीचा उल्लेख, व ‘मेड इन जर्मनी’ हीं अक्षरें रोमन लिपींत आहेत. टांकीच्या मागील बाजूस, आपल्याकडे भांड्यांवर नांव घालतात त्या रीतीनें, अणकुचीदार खिळा ठोकून टिंबाटिंबांनीं बाळबोध मजकूर घातलेला आहे. एका आळीच्या गणेशोत्सवास एका गृहस्थांनीं ही बत्ती अर्पण केल्याचा तो मजकूर असून शेवटीं शक व मिति आहे. पोथीच्या शेवटीं लेखकानें आपलें नांव, स्थळ व तिथि घालावी, तशीच ही समाप्ति होय. बत्तीच्या संग्राहकास याहून मोलाचें कांहीं मिळूं शकत नाहीं. दुर्दैवानें बत्ती घेतल्याबरोबर मालकांनीं ती एका कारागिराकडे उजळावयास दिली. कारागिरानें ती विजेच्या चाकावर धरली व आरशासारखी करून परत दिली. टांकी चकाकूं लागली आणि लेख अर्धा पुसला गेला. देणाऱ्याचें आडनांव गेलें; आळीच्या नांवाचीं दोन अक्षरें उरलीं; आणि शक उरला तो असा : ‘शके १८’, मग जवळजवळ उभीं उतरणारीं तीन टिंबें, मग ‘७’, पुढें ‘भाद्रपद शु. ४’.

मालकांनीं तो १८१७ असा वाचला. उरलेल्या टिंबांशीं हें वाचन विसंगत नाहीं, कारण १ चा दांडा असाच खालीं उतरतो. शके १८१७ चा भाद्रपद म्हणजे १८९५. सार्वजनिक गणेशोत्सवाचें तिसरें वर्ष. बत्तीला लगेच एक तेजोवलय प्राप्त झालें, आणि ती एका संस्थेस याच सालाच्या चिठ्ठीसह देण्याची बोलणीं सुरू झालीं. त्या वेळीं बत्ती आम्हांस दाखविण्यांत आली.

वाचनाचा विचार असा. तीन टिंबें सरळ खालीं येतात. २, ३ व ६ यांचीं शेपटें उजवीकडे वळतात. ८ चा तळ उजवीकडे पसरतो. ४, ७ व ० यांचे तळ वाटोळे असतात. म्हणून १, ५ व ९ एवढेच अंक विचारांत घेण्यासारखे राहतात. पैकीं १ हा वस्तूच्याच विरुद्ध आहे : १८९५ त पेट्रोमॅक्स अस्तित्वांतच नव्हती. ९ घेतल्यास शके १८९७, म्हणजे १९७५ येतें. जुनी बत्ती कोणी मागाहून अर्पण करूं शकतो हें खरें, आणि केवळ टांकीच्या वयावरून लेखाचें वय ठरवितां येत नाहीं, हेंही खरें. परंतु त्या वर्षीं पुण्याच्या पेठांतील उत्सव विजेच्या रोषणाईनें होत होते. त्या काळीं कोणी निदान पंचवीस वर्षांची जुनी बत्ती नांव घालून समारंभानें अर्पण करील हें संभवत नाहीं. उरला ५. शके १८५७ चा भाद्रपद म्हणजे १९३५. ‘मेड इन जर्मनी’ या अक्षरांशीं हें जुळतें, उत्सवांतील दाबबत्तीच्या चलतीशींही जुळतें. आम्ही १८५७ हेंच वाचन स्वीकारतों. तथापि हें वाचन अनुमानाचें आहे, व अनुमानाची ही पाळी विनाकारण आली. चाकावर धरण्यापूर्वीं एक छायाचित्र, किंवा पातळ कागद ठेवून पेन्सिलीनें काढलेली एक छाप एवढी जरी कोणी घेतली असती तरी शकच काय, देणाऱ्याचें नांवही हातीं राहिलें असतें. शिलालेखाचा ठसा घेतल्यावांचून कोणी त्यावर छिन्नी चालवीत नाहीं.

(मितीचा इसवी सन काढतांना भाद्रपदासारख्या महिन्यांत शकांत ७८ मिळवावे; जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. बत्त्या लग्नसराईंतही अर्पण होत, व माघ-फाल्गुनांतल्या लेखांचा सन एका वर्षानें चुकलेला आम्हीं पुष्कळदां पाहिला आहे.)

देशनामाच्या ठशावर जे अनुमान बांधलें त्याचा आधार सांगितला पाहिजे. परदेशी मालावर उगमाची खूण असावी हा दंडक विलायतेंत १८८७ च्या व हिंदुस्थानांत १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्यानें आला. १९४९ त जर्मनीचीं दोन राज्यें झालीं. एरिख आणि ग्रेट्झ यांचा बर्लिनचा कारखाना पूर्वेकडील भागांत राहिला व ग्रेट्झ यांनीं पश्चिमेस अल्टेना येथें पुन्हां मांडणी केली. तेव्हांपासून मालावर पश्चिम जर्मनीचा निर्देश येऊं लागतो. म्हणून नुसती ‘जर्मनी’ हीं अक्षरें बहुधा १९४९ पूर्वींचीं. मात्र येथें एक खांच आहे. १९९० त दोन्ही राज्यें एक झाल्यावर नुसतें ‘जर्मनी’ पुन्हां छापलें जाऊं लागलें, आणि पेट्रोमॅक्स या नांवानें नव्या बत्त्याही विकल्या जातात. तेव्हां पितळेचा जुनेपणा, डागांची रीत व आट्यांची झीज पाहिल्यावांचून केवळ अक्षरांवर विसंबूं नये. याशिवाय १९१४ ते १९१८ व १९३९ ते १९४५ या दोन युद्धांच्या काळांत जर्मन माल हिंदुस्थानांत येणें बंद होतें. ‘आजोबांनीं १९४२ त नवीकोरी आणली’ अशी कथा जर्मन बत्तीस जोडलेली आढळली तर ती दुकानांत पडून राहिलेली, किंवा आजोबांच्या आधीं दुसऱ्या कोणाची होती, असें समजावें.

स्वीडनच्या प्रायमसच्या मालाचें साल ठरविणें याहून सोपें, कारण त्या कारखान्यानें १९११ पासून दर वर्षास रोमन वर्णमालेंतील एकेक अक्षर नेमून तें मालावर ठोकण्याचा परिपाठ ठेवला. ए हें अक्षर १९११ चें. अमेरिकेच्या कोलमन बत्तीच्या तळावर कांहीं काळ वर्षार्धाचें अक्षर व सालाचे दोन अंक असत. अशी खूण दिसली कीं संग्राहक आनंदानें सगळ्या बत्तीस तें साल देऊन मोकळा होतो. तें बरोबर नाहीं. अक्षर ज्या भागावर असेल त्या भागाचेंच तें साल. खडकी व पुणें लष्कर जवळ असल्यामुळें आपल्या बाजारांत लष्करी निकालाच्या बत्त्याही येतात. त्यांच्यावर सरकारी बाणाची खूण व साल असतें. तें साल तपासणीचें किंवा खरेदीचें, नमुन्याचें नव्हे.

आमच्या बत्तीचीच काच घ्या. तिच्यावर शॉट कारखान्याचें नांव व मेंझ हें स्थळ आहे. हा कारखाना मूळ येना गांवचा. १९४५ त अमेरिकन सैन्यानें त्याची जाणकार मंडळी पश्चिमेस नेली, आणि मेंझ येथील कारखाना १९५२ त उभा राहिला. म्हणजे काच १९५२ नंतरची. १९३५ च्या टांकीवर १९५२ नंतरची काच ! पंप तर जर्मनही नाहीं. त्याच्या आट्या जाड आहेत, पितळ निराळें आहे, व तो देशी बनावटीचा आहे हें कोणताही बत्ती दुरुस्त करणारा हातांत घेतांच सांगेल. टोपीचीं भोंकें सांगाड्याच्या स्क्रूंशीं नेमकीं बसत नाहींत. ती दुसऱ्या बत्तीची असावी. टांकीच्या सांध्यावर शिशाचा एक जाड डाग आहे. तो देणाऱ्याचा हात इथलाच.

पुण्यांतील वाचकांस अशी वस्तु ओळखीची वाटली पाहिजे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ त आरंभिलें, डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९२५ पासून १९४३ त मृत्यु येईपर्यंत त्याचें संपादन केलें. त्या कामांतील सर्वांत मोठी अडचण मिश्र प्रतींची होती : एका शाखेची पोथी लिहितां लिहितां लेखकानें दुसऱ्या शाखेच्या पोथींतून श्लोक घेतले, समासांत टिपलेले पाठ पुढच्या नकलेंत आंत शिरले, व प्रत कोणत्या कुळांतली हेंच कळेनासें झालें. आमची बत्ती ही अशीच मिश्र प्रत आहे. मिश्र प्रतीचें काय करावें हें त्या संपादकांनीं दाखवून दिलें आहे : एकेक पाठ सुटा करून त्याचें मूळ शोधावें, आणि मिश्रण कसें झालें याची नोंद ठेवावी, प्रत फेंकून देऊं नये, किंवा आपल्या पसंतीचा पाठ घालून ती ‘शुद्ध’ही करूं नये.

येथें जीर्णोद्धार करणाऱ्यांशीं आमचा खरा मतभेद आहे. मालकांचा बेत देशी पंप काढून त्या जागीं परदेशांतून मागविलेला जर्मन पंप बसविण्याचा व टोपीही बदलण्याचा होता, जेणेंकरून बत्ती ‘मूळ स्वरूपांत’ येईल. हें मूळ स्वरूप कोणतें ? १९३५ त ती बर्लिनहून आली त्या दिवसाचें ? नवा पंप त्या दिवसाचा नव्हे. तो बसविला कीं बत्तीचें एक चौथें वय तयार होईल, आणि दहा वर्षांनीं तो पंप कोणी बसविला याची कोणास आठवण राहणार नाहीं. उलट देशी पंप हा प्रक्षेप खरा, पण तो बोलका आहे. जर्मन पंप निकामी झाल्यावर कोणीतरी बाजारांतून देशी पंप आणून ती चालू ठेवली. १९५२ नंतर केव्हांतरी काचही बसविली. म्हणजे विजेचे दिवे आले तरी ही बत्ती निदान त्या काळापर्यंत कामांत होती. एका आळीच्या उत्सवाचा हा इतिहास दुसऱ्या कोणत्याही कागदांत सांपडण्यासारखा नाहीं. तो काढून टाकण्यास सांगणारा जीर्णोद्धार कोणाच्या हिताचा ? विकणाऱ्याच्या, असेंच उत्तर द्यावें लागतें.

विकणाऱ्यांनींच रूढ केलेली दुसरी चाल मुलामा उतरविण्याची. या टांक्या बहुधा पितळेच्या असून त्यांवर निकेलचा मुलामा असे. आजच्या गिऱ्हाइकास पिवळें पितळ जुनें वाटतें, म्हणून तेजाब लावून किंवा चाकावर घासून निकेल काढतात व आंतलें पितळ उघडें करतात. असें पितळ कारखान्यांतून कधींच बाहेर पडलें नव्हतें. शिवाय मुलामा हा स्वतःच पुरावा आहे. निकेलची झांक किंचित् पिवळसर असते, क्रोमची निळसर. क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. तेव्हां जिच्या टोपीवर मूळचा क्रोम आहे ती त्याआधींची नाहीं, इतकें तरी निश्चयानें सांगतां येतें. मुलामा उतरविला कीं हेंही साधन गेलें. आमच्या संग्राहक मित्रांपैकीं कोणी ताम्रपट मिळतांच तो चिंचेनें घासील काय ? देवघरांतल्या तांब्यास चिंच शोभते. ताम्रपटास नाहीं, व बत्तीसही नाहीं. कोमट पाणी, साधा साबण, मऊ कापड, व घट्ट बसलेल्या आट्यांसाठीं घासलेटांतच दोन दिवस बुडवून ठेवणें, एवढ्यावर बहुतेक काम होतें.

टांकीस खालून भोंक पाडून आंत विजेची तार ओवणारे व जाळीच्या जागीं काचेचा बल्ब लावणारे जे आहेत, त्यांच्याविषयीं अधिक लिहिण्याची इच्छा नाहीं. पोथीच्या पानांना भोंक पाडून त्यांचा दिवाणखान्यांत पंखा करावा तसा हा प्रकार आहे. भोंक बुजवितां येत नाहीं, आणि दाब धरणारी टांकी कायमची मरते.

याचा अर्थ धूळ व काजळी यांस हात लावूंच नये असा नव्हे. कांहीं जुने संग्राहक दुसऱ्या टोकास जातात आणि गळणारी बत्तीही पवित्र मानून तशीच ठेवतात. बत्ती पेटावी ही इच्छा योग्यच आहे. न पेटणाऱ्या बत्तीचा उजेड कसा होता हें कोणत्याही टिपणावरून कळत नाहीं. दट्ट्याचा चामडी वायसर, सांध्यांतलें भरण, निपल व त्याची पिन, जाळी, यांची अदलाबदल ही पोथीचा बस्ता किंवा फळ्या बदलण्यासारखी आहे. ती खुशाल करावी. मात्र काढलेले भाग चिठ्ठी बांधून डबींत ठेवावे. टांकी पेटविण्यापूर्वीं ती पाण्यानें पूर्ण भरून दाब देऊन पाहावी. हवा भरून पाहूं नये, कारण जुनें पितळ सांध्याशीं तडकलेलें असल्यास तें फुटतें. सांधा गळत असल्यास कसबा पेठेंतील तांबट आळींत अजून हातानें काम करणारे आहेत. टांकी धुऊन घासलेटचा वास पुरता गेल्यावर त्यांच्याकडून डाग लावून घ्यावा, आणि तो डाग आपल्या दुरुस्तीचा म्हणून टिपणांत लिहावा. जुन्या जाळ्यांच्या बाबतींत विशेष जपावें. त्यांतील थोरियम किरणोत्सारी आहे. जळक्या जाळीची राख फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपून काढावी. आणि न वापरलेल्या जाळीचें जुनें पाकीट हातीं आलें तर तें पेटविण्याऐवजीं बंद पिशवींत जपावें. पाकिटावर छापलेलें नांव व किंमत हा कालनिर्णयाचा वेगळाच कागद असतो, आणि आम्हीं पाहिलेल्या संग्रहांत सर्वांत कमी जपलेली वस्तु तीच आहे.

आमच्या बत्तीकडे पुन्हां वळूं. तिचा सांगाडा टांकीवरून सोडवितांना खालच्या पट्टीच्या मागें बारीक करडा गाळ चिकटलेला आढळला. मालक तो धुण्याच्या बेतांत होते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत जें पाणी शिरलें त्याचा गाळ अनेक घरांतील भांड्यांच्या कानाकोपऱ्यांत राहिलेला आम्हीं पाहिला आहे. हा गाळ त्याच पुराचा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु लेखांत उरलेलीं आळीच्या नांवाचीं दोन अक्षरें नदीजवळच्या एका आळीशीं जुळतात, आणि तेथील वृद्धांकडून मंडळाच्या कोठीची हकीकत मिळण्याचा संभव आहे. गाळ कागदाच्या पुडींत घालून, कोणत्या जागीं मिळाला तें वर लिहून, बत्तीबरोबर ठेवावा असें आम्हीं सुचविलें व मालकांनीं तें मान्य केलें. देशी पंपही जागच्या जागीं राहिला आहे. संस्थेस बत्ती देतांना जी चिठ्ठी सोबत जावयाची तिचा मसुदा आतां असा आहे : ‘पेट्रोमॅक्स ८२६, बर्लिन. टांकी १९४९ पूर्वींची. गणेशोत्सवास अर्पण, शके १८[५]७, भाद्रपद शु. ४, तिसरा अंक उजळतांना नष्ट, वाचन अनुमानानें. टोपी परकी. काच १९५२ नंतरची. पंप देशी, मागाहून बसविलेला. मागील लेखांतील देणाऱ्याचें आडनांव वाचतां येत नाहीं.’